कोच ‘हो’ म्हणाला, पण फाईल? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या पात्रतेत अडतं कुठे

मेम्फिस विद्यापीठाने 2007-08 च्या मोसमात 38 सामने जिंकले आणि थेट अंतिम फेरी गाठली. आज अधिकृत नोंदीत त्यातला एकही विजय नाही. संघाचा तारा डेरिक रोझ याचा एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेचा निकाल परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नंतर रद्द केला, तो मागाहून अपात्र ठरला आणि कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने अख्खा मोसम पुसून टाकला. पोराने मेम्फिस निवडलं म्हणून संघ फायनलला गेला, आणि त्याच्याच फाईलमधल्या एका कागदाने संघ वहीतून गेला.

पालक मात्र विचारतात, ‘कुठलं कॉलेज घेतलं तर टीम जिंकेल?’ याला सरळ उत्तर नाही. केटलिन क्लार्क आपल्याच राज्यातल्या आयोवा विद्यापीठात राहिली आणि 2023, 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेली. मार्केल फुल्ट्झने वॉशिंग्टन निवडलं. तो 2017 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिला आला, त्याचा संघ मात्र 9 जिंकून 22 हरला होता. संघाचं पुढे काय व्हायचं ते होवो, आधी मैदानात उतरता यायला हवं.

त्यासाठी खातं एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर (पात्रता तपासणाऱ्या केंद्रावर) उघडायचं, शुल्क भरायचं, शाळांची आणि खेळाची माहिती द्यायची. यात फारसं कुणी अडत नाही. एनसीएएची कॉलेजं तीन डिव्हिजनांत, म्हणजे गटांत, विभागलेली आहेत. डिव्हिजन तीनला अमेरिकेतल्या मुलांना या केंद्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही (परदेशातून येणाऱ्यांना हौशीपणाचं, म्हणजे व्यावसायिक खेळाडू नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं), पण तिथे खेळाची शिष्यवृत्तीही नसते.

डिव्हिजन एकसाठी नववी ते बारावीत मिळून 16 मुख्य विषय आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 सरासरी लागते. डिव्हिजन दोनला 2.2. पीटी, ड्रॉइंग यांत धरत नाहीत. एसएटीची अट एनसीएएने 2023 मध्ये काढली, त्यामुळे केवळ पात्रतेसाठी क्लासला पैसे घालू नका. कॉलेजच्या प्रवेशाला लागते का, ते वेगळं पाहा. अमेरिकेतल्या मराठी घरांना फटका बसतो तो दुसरीकडे. डिव्हिजन एकला 16 पैकी 10 विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत आणि त्यांतले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले हवेत. त्या दहांचे गुण तिथेच गोठतात. शेवटच्या वर्षी पुन्हा बसून सुधारू म्हणाल, तर ते धरले जात नाहीत.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांचं दुखणं निराळं. दहावी-बारावीच्या मार्कशीट लॅमिनेट करून ठेवलेल्या असतात, नववीचं प्रगतिपुस्तक कुणाकडेच नसतं. नोंदी नववीपासून मागतात. शाळेत जाऊन शिक्क्यानिशी प्रत काढा, आणि ती मराठीत असेल तर मूळ प्रत व प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही जोडा. दुसरी गंमत ‘ज्युनियर कॉलेज’ या शब्दाची. आपल्याकडे ती अकरावी-बारावी, तिकडे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. फॉर्मवर तेवढंच लिहिलंत तर पोरगं आधीच कॉलेजात गेलंय असा अर्थ निघू शकतो. कॉलेजच्या नावापुढे ‘उच्च माध्यमिक, इयत्ता 11-12’ असं स्पष्ट लिहा.

आणि कृपा करून, ‘जागा अडवून ठेवू’ म्हणून एफवायला प्रवेश घेऊ नका. खेळायच्या पाच वर्षांचं घड्याळ आजवर पूर्णवेळ कॉलेज सुरू झाल्या दिवसापासून चालत आलंय, मग ते कॉलेज जगात कुठेही असो. बारावीनंतर एक वर्षाची मुभा असते. नीट-जेईईच्या ड्रॉपमध्ये ती संपते, आणि त्यापुढे स्पर्धा खेळलात तर मोसम कापला जाऊ शकतो.

क्लबकडून मिळालेल्या पैशांचे कागदही जपा. एनेस कँटरने केंटकी निवडलं होतं, पण तुर्की क्लबकडून खर्चापेक्षा सुमारे 33 हजार डॉलर जास्त घेतल्याचं ठरलं आणि 2010-11 मध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही. नियम आता सैल झालेत, हिशोब मागणं थांबलेलं नाही.

शुल्क भरून महिनोन्‌महिने वाट पाहणारेही भेटतात. कुठल्या तरी डिव्हिजन एक वा दोनच्या कॉलेजने तुमचं नाव आपल्या यादीत टाकेपर्यंत अंतिम निर्णय होतच नाही, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. कोचला थेट विचारा, ‘यादीत टाकलंत का?’ ऑगस्टमध्ये सुरुवात करणाऱ्यांनी त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर खात्यात शिरून हौशीपणाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंतीही करायची असते. खातं उघडताना सगळं भरलं होतं म्हणून हे आपोआप होत नाही.

कॉलेज बदलायचं असेल तर ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. त्याची मुदत 60 दिवसांवरून 45, मग 30 आणि पुढे आणखी कमी होत आली आहे, तेव्हा त्या वर्षीची तारीख बघा. ती मुदत नाव घालण्याची आहे, नवं कॉलेज पक्कं करण्याची नव्हे. हे चुकीचं वाचून मुलं घाईत भलत्याच ठिकाणी सही करतात. उलट, नाव घातलं की सध्याचं कॉलेज पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती काढून घेऊ शकतं, हे फार उशिरा कळतं.

राहिला पैसा. जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, जाहिराती तर 2021 पासूनच चालतात. पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला तिथे काम करून कमावण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारच्या लॉकरवाल्याने करार केला म्हणून आपणही केला, तर सामनाच काय, व्हिसाही हातचा जाऊ शकतो. हे कोचला विचारू नका, त्याला संघ उभा करायचाय. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.