दोन मध्यमांच्या फटीतला ट्रम्पेट

संगीतकार हँडलच्या ‘मेसाया’ या धार्मिक गायनरचनेचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला तो मदतनिधीसाठी होता, त्याच्या उत्पन्नातून दोन रुग्णालयांना मदत मिळाली आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या १४२ जणांची सुटका झाली. धर्मादाय मैफलींत आजही ही रचना गायली जाते. ट्रम्पेटवादक तिच्यात बराच वेळ नुसता बसून असतो आणि तिसऱ्या भागात, खर्जातल्या पुरुष आवाजाच्या एका गीतात, अचानक त्याची कसोटी लागते.

हँडलच्या काळी ट्रम्पेटला झडपा, म्हणजे दाबून नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हत्या. त्या आल्या एकोणिसाव्या शतकात. सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीची, वळवून आटोपशीर केलेली एक पितळी नळी, एवढेच ते वाद्य. फुंकरीने ओठ कंप पावतात, ती लहर नळीतून कर्ण्यापर्यंत जाते, तिचा बराचसा भाग तिथून मागे फिरतो, आणि परतणारी लहर ओठांच्या कंपनाशी जुळली तरच सूर टिकतो. ही जुळणी ठराविक कंपनसंख्यांनाच होते, आणि त्या सगळ्या एका मूळ संख्येच्या पटीत असतात. ‘डी’ स्वराच्या ट्रम्पेटसाठी ती मूळ संख्या, आजच्या स्वरमानाने, सेकंदाला सुमारे ७३.४ आहे.

या ‘डी’ला षड्ज मानले तर खालच्या पट्टीत सा, प, सा, ग, प असे विरळ स्वर मिळतात. यातला गंधार म्हणजे तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. आठव्या पटीपासून मात्र स्वर दाटीने येतात: आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प. सलग सुरावट वाजवायची तर हाच वरचा प्रदेश हवा, म्हणून बरोक, म्हणजे हँडलच्या, काळातल्या रचनाकारांनी ट्रम्पेटला तिथे चढवले.

अडचण अकराव्या पटीची. ती ८०८ कंपनांवर येते. शुद्ध मध्यम हवा ७८४ वर आणि तीव्र मध्यम ८३१ वर, म्हणजे निसर्गाने दिलेला स्वर दोघांच्या जवळजवळ मधोमध पडतो. तेराव्या पटीचा धैवतही कोमल आणि शुद्ध यांच्यामध्येच लोंबकळतो. वादक ओठांचा ताण बदलून स्वर वर-खाली ढकलतो, पण नळीचा कल त्याला मूळ जागी ओढत राहतो. त्या काळचे वादक हे नळीला एकही छिद्र नसताना करत, ही माझ्या मते त्यांच्या कौशल्याची सर्वांत मोठी खूण आहे.

दुसरा धोका शेजाऱ्यांचा. वरचा पंचम ८८१ कंपनांचा. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वर फक्त ७३ कंपनांवर असल्याने ओठ जरा चुकले की भलताच स्वर निघतो, आणि समूहगायनाच्या वर चमकणारा तो आवाज असल्यामुळे ही चूक सभागृहभर ऐकू जाते. आजचे बहुतेक वादक यासाठी ‘पिकोलो ट्रम्पेट’ घेतात. ‘ए’ स्वरातल्या पिकोलोची नळी बरोक ट्रम्पेटच्या साधारण एक तृतीयांश लांबीची असते, म्हणून तोच पंचम तिथे बारावा नसून चौथा ठरतो आणि शेजारी २२० कंपनांवर जातात. मधले स्वर झडपा भरून काढतात. जुन्या घडणीचेच वाद्य हवे असणारे वादक विसाव्या शतकात रुळलेली युक्ती वापरतात: नळीला लहान छिद्रे पाडायची आणि त्यातले योग्य ते उघडून अकरावा व तेरावा हे स्वर जागेवर आणायचे.