भुताटकीची थाळी: 31 ऑक्टोबरच्या पार्टीचे स्टार्टर्स घरी कसे करावेत

(इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरातर्फे, ग्राहकांसाठी)

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे हमखास विचारणा होते, "मुलांची हॅलोविन पार्टी आहे, भुताखेतांचं काहीतरी करून द्याल का?" देतो की. पण यातलं बरंचसं घरच्या घरी जमण्यासारखं आहे, आणि मुलांना खरी मजा करण्यातच येते. म्हणून हा कागद. जे घरी करायला किचकट आहे तेवढंच आमच्याकडून न्या.

हा सण 1 नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतदिनाच्या आदल्या रात्रीचा. आयर्लंड-स्कॉटलंडकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ही मंडळी अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मुबलक मिळाला, आणि सलगम मागे पडला. आपल्याकडचा लाल भोपळा मात्र कोरायला जाऊ नका. त्याचा गर जाड आणि घट्ट असतो, सुरी घसरते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेला भोपळा बघता बघता बुरसतो. त्याची भाजी करा, भरीत करा. कोरायला ढोबळी मिरची घ्या.

मिरचीचा कंदील, आत भुट्ट्याचा कीस

आमच्याकडचा सगळ्यात जास्त मागणी असलेला प्रकार हाच, आणि आमच्या मते इंदुरात हॅलोविन करायचा तर याच्याशिवाय करू नये. पिवळी किंवा नारिंगी मिरची घ्या. चोइथराम मंडीत निवडून घेता आली तर बुडाला चार उंचवटे असलेली बघा, ती ताटात सरळ उभी राहते. देठाकडची चकती झाकणासारखी कापून ठेवा, बिया आणि पांढऱ्या शिरा काढा, आतून कापडाने कोरडी पुसा. मग टोकदार छोट्या सुरीने दोन तिरपे डोळे आणि दातेरी तोंड. डोळे आणि तोंड यांच्यात निदान एक बोट जागा सोडा, नाहीतर भाजताना चेहरा बसतो.

कीस नेहमीचाच: चार भुट्टे किसून, दोन मोठे चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी, कीस चांगला परतून मग वाटीभर दूध थोडं थोडं घालत मंद आचेवर शिजवायचा. ऑक्टोबरअखेर कोवळे देशी भुट्टे मिळणं कठीण होतं; निबर मिळाले तर दूध जास्त लागेल. स्वीट कॉर्न वापरलंत तर दूध निम्म्यावर आणा आणि साखर अजिबात नको, त्याला मुळातच पाणी आणि गोडी जास्त. या कामासाठी कीस नेहमीपेक्षा कोरडा हवा, कढईची कड सोडून गोळा होईपर्यंत. लिंबू आणि खोबरं शेवटी. कोथिंबीर आत घालू नका, वरून द्या, कारण आतल्या पिवळ्या रंगावरच सगळा खेळ आहे: भरलेल्या मिरचीच्या डोळ्यांतून तो कीस पेटलेल्या वातीसारखा दिसतो.

ओव्हनमध्ये 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरेत. जास्त ठेवलंत तर मिरची सुरकुतते. काहींना तो म्हातारा चेहराच जास्त आवडतो, तेव्हा घाबरू नका.

दहीवड्याचे डोळे

विलायती पुस्तकांत यासाठी उकडलेली अंडी सांगतात. आपला दहीवडा त्याहून सरस. उडदाचे लिंबाएवढे वडे तळून कोमट पाण्यात भिजवा, हलक्या हाताने दाबून पाणी काढा. दही तास-दोन तास टांगून घट्ट करा, मीठ-साखर घालून फेटा आणि वड्यावर सगळीकडून पांघरा. वर हिरव्या चटणीचं रुपयाएवढं वर्तुळ. चटणी पसरत असेल तर त्यात चमचाभर डाळ्याचं पीठ मिसळा. मध्यभागी बुबुळ म्हणून काळ्या ऑलिव्हची चकती किंवा काळा मनुका.

लाल शिरा हव्या असतील तर काश्मिरी तिखट कोमट तेलात कालवून टूथपिकने बारीक रेघा ओढा, बाहेरून बुबुळाकडे, जरा वाकड्यातिकड्या. हे मात्र पाहुणे दारात आल्यावरच. आधी करून ठेवलंत तर रेघा दह्यात उतरतात आणि डोळा आल्यासारखा दिसतो.

ममी आणि चेटकिणीची बोटं

या दोन्हींचा कच्चा माल आमच्याकडे मिळतो. ममी म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्तचं प्रेत. तिच्यासाठी पफची कच्ची शीट घरी लाटणं म्हणजे दिवसभराचं काम, त्यात पडू नका. आमची शीट फ्रिजमधून काढून लगेच सेंटीमीटरभर रुंद पट्ट्या कापा. शीट गरम झाली की लोण्याचे थर एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रे सुटत नाहीत. बोटाएवढ्या पनीरच्या कांड्या कोरड्या पुसून त्यांना तिखट, मीठ आणि जिरावन (आपला इंदुरी चटपटा मसाला) चोळा. पट्ट्या वेड्यावाकड्या गुंडाळा, डोळ्यांपुरती फट ठेवा. 200 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. डोळे भाजल्यावर: चीजचे दोन ठिपके, त्यावर काळे तीळ.

बोटांसाठी आमचं खाऱ्या बिस्किटाचं पीठ न्या. करंगळीपेक्षाही बारीक वळा, ओव्हनमध्ये ते फुगतं. सुरीच्या पाठीने पेरांच्या रेघा, टोकाला न सोललेला बदाम नखासारखा दाबून बसवा. वळलेली बोटं भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलीत तर आकार टिकतो. बदाम चालत नसलेलं मूल पार्टीत असेल तर भोपळ्याची बी लावा. हे आईवडिलांना आधीच विचारून घ्या, ताट पुढे आल्यावर नको.

कोळ्याचं जाळं सोपं आहे. पसरट बशीत घट्ट हिरवी चटणी, वर कोनातून दह्याची एकात एक वर्तुळं, आणि टूथपिक मधून बाहेर ओढत न्या. सोबत सूप स्टिक्स.

रंग आणि धूर यांविषयी

काळा रंग हवा म्हणून हल्ली खाण्यात कोळशाची पावडर घालतात. आम्ही घालत नाही. औषधं चालू असणाऱ्यांच्या पोटात ती औषधच शोषून घेऊ शकते. काळे तीळ, कलौंजी, काळे मनुके एवढ्यावर काम भागतं. बीटाचा लाल रंग सुंदर, पण शिजवला की मातकट होतो; तो कच्चाच, थोडं लिंबू पिळून वापरा. सरबताला गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी करा. मुलांसमोर लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला कुणी काही विचारत नाही.

धुरासाठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आम्ही देत नाही, मागूही नका. तो उणे 78 अंशांचा असतो, तुकडा तोंडात गेला तर तोंड-घसा भाजून निघतो.

थडगी आणि क्रूस असलेले केकही आम्ही करत नाही. कुणाची तरी माणसं तिथे खरोखर निजलेली असतात. भूत, चेटकीण, कोळी, वटवाघूळ, सांगाडा, यात मुलांचं भागतं, आणि सणासुदीच्या तोंडावर घरातल्या आजीही फार कुरकुर करत नाहीत.

पाच वर्षांखालच्या मुलांना ऑलिव्ह, द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चिरून द्या. त्यांच्या ताटातून टूथपिक काढून टाका. दही-पनीरचे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

ऑर्डरबद्दल

31 ऑक्टोबर आणि दिवाळी दरवर्षी आगेमागे येतात. 2024 साली तर नरकचतुर्दशीच त्या दिवशी होती. त्या आठवड्यात आमच्या भट्टीवर फराळाचाच ताबा असतो. म्हणून पफची शीट आणि बिस्किटाचं पीठ चार दिवस आधी सांगा. दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवता येतात, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा. कीस त्याच दिवशी सकाळी मिळेल. मिरच्या तुमच्या तुम्ही कोरा, नाहीतर कोरून मागा, त्याचे पैसे वेगळे.

गराडूची, म्हणजे तळून जिरावन लावलेल्या कंदाची, आठवण बरेच जण काढतात. तो थंडी पडल्यावरच चांगला येतो. तेव्हा या थाळीत तो नाही, डिसेंबरच्या पार्टीला जरूर मागा, जिरावन आमच्याकडून.