कोलेस्टेरॉलसाठी वनस्पती स्टेरॉलची गोळी : घेण्याआधी एवढे वाचा

(आमच्या सांगलीच्या औषध दुकानाकडून ग्राहकांसाठी)

“ती झाडापासून केलेली कोलेस्टेरॉलची गोळी ठेवता का? मग डॉक्टरांची बंद करून तीच घेतो.” असं विचारणारं कुणी ना कुणी हल्ली दर आठवड्याला काउंटरवर येतं. गोळी आम्ही ठेवतो. पण डॉक्टरांची गोळी बंद करायला आम्ही दर वेळी नको म्हणतो. संध्याकाळच्या गर्दीत त्याचं कारण नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी नेऊन चष्मा लावून सावकाश वाचा.

ही गोळी पोटात काय करते

आपल्या शरीरात जसं कोलेस्टेरॉल असतं, तसं वनस्पतींमध्ये स्टेरॉल असतं. दोघांची घडण इतकी सारखी की आतड्याचीही गफलत होते. कोलेस्टेरॉल आतड्यातून रक्तात जायचं तर त्याला आधी पित्तरसाच्या बारीक कणांमध्ये जागा मिळावी लागते. सांगली स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, स्टेरॉल नेमकं तेच करतं. जागा त्याने धरली की कोलेस्टेरॉल बाहेर राहतं आणि शौचावाटे निघून जातं. स्टेरॉल स्वतःही फारसं रक्तात जात नाही. आत शिरलेलं बरंचसं आतड्याच्या पेशी पुन्हा बाहेर ढकलतात.

म्हणून ही गोळी जेवणासोबतच घ्यायची. जेवलो की पित्त सुटतं आणि तेव्हाच गाडी भरते. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यासोबत घेतली तर रुमाल रिकाम्या स्टँडवर पडला म्हणायचा. दिवसाचा डोस दोन जेवणांत वाटून घेतलेला बरा.

“आम्ही माळकरी, अंडंसुद्धा खात नाही, आमच्या पोटात कोलेस्टेरॉल कुठून आलं?” असं एका मावशींनी विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि पित्तातून रोज साधारण एक ग्रॅम आतड्यात सोडतं. अंडी-मटणातून येणारं बहुतेकदा त्याहून कमीच असतं. म्हणून शाकाहारी माणसाचंही एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढतं आणि स्टेरॉलचा उपयोग त्यालाही होतो.

किती उतरतं

रोज २ ग्रॅमच्या आसपास स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल साधारण ८ ते १० टक्के उतरतं. म्हणजे १६० असेल तर १४५ च्या आसपास येईल. फरक दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो आणि गोळी थांबवली की आकडा पुन्हा मूळपदावर जातो. ३ ग्रॅमच्या वर घेऊन फारसा जास्त फायदा होत नाही, पैसे मात्र जातात. ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीवर, परिणाम किरकोळ असतो. रिपोर्टमध्ये फक्त तेवढंच वाढलेलं असेल तर ही गोळी मागू नका. मागितलीत तरी आम्ही आधी रिपोर्ट बघायला मागू.

पाकिटाची मागची बाजू नक्की वाचा. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं वजन कधी कधी ‘स्टेरॉल इस्टर’चं असतं आणि त्यात खरं स्टेरॉल साधारण ६० टक्केच असतं. एका गोळीत ४०० मिलिग्रॅम असेल तर २ ग्रॅमला दिवसाला पाच गोळ्या लागतात. महिन्याच्या दीडशे झाल्या. हा हिशेब आम्ही आधीच सांगतो. दिवसाला एक गोळी घेऊन तीन महिन्यांनी “काही फरक नाही बघा” म्हणणारे बरेच भेटतात, आणि तो दोष त्यांचा नसतो, त्यांना कुणी हिशेबच सांगितलेला नसतो.

“मग शेंगदाणे-तीळ खाल्ले तर?” अवश्य खा. शेंगदाणा, तीळ, बदाम, डाळी, करडईचं तेल, सगळ्यांत स्टेरॉल असतं. पण रोजच्या जेवणातून मिळतं ते साधारण पाव ते अर्धा ग्रॅम. फक्त शेंगदाण्यांतून २ ग्रॅम मिळवायचे तर रोज जवळपास किलोभर खावे लागतील. भडंगातल्या मूठभर दाण्यांनी ते होणार नाही.

डॉक्टरांची गोळी का बंद करायची नाही

डॉक्टर बहुतेकांना स्टॅटिन देतात. अ‍ॅटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन ही नावं तुमच्या चिठ्ठीवर असतील. नेहमीच्या डोसात ती एलडीएल ३० ते ५० टक्के उतरवते. त्याहून मोठी गोष्ट अशी की तिने माणसं वाचतात, हे सिद्ध झालेलं आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यात सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३० टक्के कमी होतं. वनस्पती स्टेरॉलने आकडा उतरतो हे पक्कं आहे, पण हार्ट अटॅक कमी होतात असं दाखवणारी चाचणी आजवर झालेली नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हृदयरोग टाळण्यासाठी स्टेरॉल सुचवू नये असंच म्हटलं. युरोपातले हृदयतज्ज्ञ थोडे मोकळे आहेत. एलडीएल जास्त पण एकूण धोका कमी असलेल्यांना, स्टॅटिन घेऊनही आकडा न उतरलेल्यांना किंवा स्टॅटिन न सोसणाऱ्यांना आहारासोबत ते देता येईल, असं ते मानतात. आमचं मतही त्यांच्या जवळचं आहे. स्टॅटिनच्या जोडीला स्टेरॉल चालतं, दोघांचा परिणाम मिळून होतो. स्टॅटिनच्या जागी ते चालत नाही.

हे कळकळीने लिहितोय त्यामागे एक प्रसंग आहे. मिरजेकडचे एक काका आमचे नेहमीचे ग्राहक. अँजिओप्लास्टी झालेली. एका जाहिरातीवर विश्वास ठेवून त्यांनी स्टॅटिन सोडली आणि बाहेरून मागवलेली स्टेरॉलची गोळी सुरू केली. आम्हाला वाटलं, ते गावाला गेले असतील. तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आले. ६८ वर असलेलं एलडीएल १५२ झालं होतं. कागद काचेवर ठेवून ते बराच वेळ नुसते बघत राहिले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, जुनी गोळी पुन्हा सुरू झाली, आज ठीक आहेत. दर महिन्याची स्ट्रिप न्यायला ते आले नाहीत तेव्हाच आम्ही फोन करायला हवा होता. आता करतो.

स्टॅटिनने पाय दुखतात, पोटऱ्या भरून येतात असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आणि आपल्या भागात पसरलेला एक गैरसमज: या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत म्हणे. काही स्टॅटिनसोबत जपायचं असतं ते ग्रेपफ्रूटला, आणि ते पपनसाच्या नात्यातलं फळ आहे. तासगावची द्राक्षं बिनधास्त खा. शुगर असेल तर द्राक्षं आणि बेदाणे बेताने, एवढंच.

कुणी घेऊ नये

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना ही गोळी देत नाहीत. सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक फार दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात स्टेरॉल रक्तात साठत जातं, त्यामुळे अशांना ती वर्ज्यच आहे. बाकीच्यांना गोळी सहसा सोसते. मात्र तिच्याबरोबर बीटा कॅरोटीनही (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) थोडं कमी शोषलं जातं, म्हणून ताटात रोज गाजर, लाल भोपळा, पालक, पपई यांतलं काहीतरी असू द्या.

घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल किंवा एलडीएल १९० च्या वर असेल, तर दुकानात गोळी विचारण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असं काही होत असेल तर कुठलीही गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.

दुकानात येताना शेवटचा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट), चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि बाहेरून मागवलेलं पाकीट असेल तर तेही आणा. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. स्टूल ओढून बसा, पाकिटामागचं मिळून वाचू.