अयनदिनाचा योगाभ्यास (ठाणे)

अयनदिनाचा योगाभ्यास म्हणजे २१ जूनच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सकाळी करायचा साधा, अर्ध्या तासाचा आसन-प्राणायाम. या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर, म्हणजे साधारण २३.५ अंश उत्तरेला असतो आणि तिथून त्याचं दक्षिणेकडे सरकणं सुरू होतं. पंचांगातलं दक्षिणायन मात्र कर्कसंक्रांतीपासून, जुलैच्या मध्यापासून धरतात, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसं "अजून कुठे दक्षिणायन" म्हणतात ते त्यांच्या हिशेबाने बरोबरच आहे.

ठाणे १९ अंशाच्या थोडं वर. इथे हा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो तो नेमका पूर्वेला नाही, तर जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून, म्हणून नमस्कार घालताना तोंड जरा ईशान्येकडे वळवावं. आणि ऊन पडलंच तर दुपारी १२:४० च्या सुमारास आपली सावली चक्क दक्षिणेला पडते, मुलांना हे जरूर दाखवा, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंतच दिसतं.

पण ऊन पडतंच असं नाही ना. मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनला येतो, २१-२२ ला सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, म्हणजे हा "उन्हाळ्यातला" दिवस आपल्याकडे भर पावसाळ्यातला. इथला अभ्यास वेगळा हवा तो याच कारणाने. काही ठिकाणी या दिवशी १०८ सूर्यनमस्कार घालतात, जमणाऱ्यांनी जरूर घालावेत, पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि धाप लवकर लागते, म्हणून सवय नसेल तर सहा ते बारा नमस्कार, सावकाश, पुरेत असं माझं मत.

सूर्यनमस्कार महाराष्ट्रात घरोघरी पोचले त्यात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने योग शिकवण्याचं काम कित्येक वर्षं चालवलंय. योगदिन त्या मानाने अगदी नवा, संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २१ जून २०१५ ला पहिला साजरा झाला.

करायचं असं. दोन मिनिटं मांडी घालून नुसतं बसायचं, श्वास जसा येतो तसा येऊ द्यायचा. मग नमस्कार, मागे वाकताना श्वास घ्यायचा, पुढे वाकताना सोडायचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत पाऊस असला की सगळे खाली पार्किंगमध्ये येतात, तिथे लाद्यांना ओल सुटलेली असते आणि पर्वतासनात, म्हणजे हात-पाय टेकून कंबर वर उचलताना, मॅटसकट हात पुढे पुढे सरकतात, मनगटाला हिसका बसतो. मॅटखाली जुनी सुती सतरंजी टाकली की मॅट हलत नाही.

नंतर शवासन, मग अनुलोम-विलोम, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, पाच मिनिटं. चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर, श्वास रोखायचा नाही, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच, आणि त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा.

उन्हाळ्याचा म्हणून बरेच जण शीतली सुचवतात. जिभेची पन्हळ करून तोंडाने श्वास आत घ्यायचा, ओल्या जिभेवरचं पाणी उडतं आणि हवा गार लागते. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात तिचं वर्णन आहे आणि मे महिन्यात ती छानच, पण जूनच्या दमट हवेत पाणी तेवढं उडत नाही, गारवा कमीच लागतो, आणि सर्दी-खोकला असेल तर करूच नये. ज्यांची जीभ वळत नाही त्यांनी सीत्कारी करावी, म्हणजे दात मिटून दातांमधून श्वास आत घ्यावा.

पावसात त्यापेक्षा भ्रामरी घ्या. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, अंगठ्यांनी कान हलके बंद, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, पाच-सात आवर्तनं. बाहेर पत्र्यावर सर धडधडत असते, कान मिटले की ती एकदम लांब जाते आणि टाळूत, कवटीत आपलाच आवाज घुमतो, डोळे उघडावेसे वाटत नाहीत.

२१ ला जमलं नाही तर २२ किंवा २३ ला करा, दिवसाच्या लांबीत काही सेकंदांचाच फरक पडतो.