जुनी एसयूव्ही आणि मागे ट्रेलर: आमच्या गिऱ्हाईकांसाठी

हल्ली ठाणे-नवी मुंबईतले केटरिंगवाले, मंडपवाले, साउंडवाले, शिवाय मुरबाड-कर्जतला जागा घेतलेली मंडळी सेकंडहँड स्कॉर्पिओ नाहीतर फॉर्च्युनर घेऊन येतात आणि म्हणतात मागे हूक लावून द्या. देतो लावून, पण गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय हो म्हणत नाही, का ते इथे लिहितोय.

गाडीला कंपनीकडून येणारा हूक बंद पडलेली गाडी टोचन करायला असतो, ट्रेलर ओढायला नाही. ट्रेलरला बॉलवाली हिच लागते, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा असलेली जोडणी, आणि ती चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला बोल्ट होते, बंपरला नाही. आधीच्या मालकाने हिच लावलेली असेल तर लगेच खूश होऊ नका. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस, चासीच्या आत चिखल साचून गंज धरतो आणि वरून मस्त काळा पेंट मारलेला असतो. आम्ही हातोडीने ठोकत जातो, टणटण वाजलं तर पत्रा शाबूत, आवाज बसका आला तर आतून खाल्लेला. बोल्टचं भोक लांबट झालेलं दिसलं तर हिच आत्तापर्यंत हलत होती असं समजायचं, आणि नुसता बोल्ट टाइट करून हा प्रश्न सुटत नाही. डस्टर, क्रेटासारख्या गाड्यांना वेगळी चासीच नसते, तिथे कंपनीने पॉइंट आणि ओढायचं वजन दिलेलं असेल तरच लावतो.

आता वजन. मॅन्युअलमध्ये ब्रेकवाल्या ट्रेलरचा आकडा वेगळा आणि बिनब्रेकचा वेगळा, बिनब्रेकचा बऱ्याच गाड्यांत ७५० किलोच्या वर जात नाही, आणि त्यात रिकाम्या ट्रेलरचंही वजन धरायचं, हे बरेच जण विसरतात. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे माल कुठे ठेवलाय. जनरेटर मागच्या फाळक्याजवळ ठेवला की ट्रेलरची पुढची दांडी हलकी होते, आणि स्पीड वाढला, शेजारून कंटेनर गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीचं मागचं टोकही ओढतो. म्हणून जड माल अॅक्सलवर आणि थोडा पुढे. बॉलवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा, म्हणजे ६०० किलोच्या ट्रेलरला ६० किलो. घरचा वजनकाटा चालतो, ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना लाकडी ठोकळे लावा, दांडीखाली बॉलच्या उंचीइतका लाकडाचा तुकडा काट्यावर उभा ठेवा, दांडी त्यावर टेकवा आणि आकडा वाचा. हिचवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला तर माल थोडा मागे सरकवा.

एवढं करूनही झुलायला लागला तर घाबरून ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका, एक्सलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. एक्सलरेटर दाबून सरळ होईल असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

गायमुखचा उतार असो की कसारा, ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा, न्यूट्रल तर कधीच नको. जुन्या गाडीतलं ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, सतत ब्रेक दाबून तापलं की उकळतं आणि पेडल खाली जातं, त्यामुळे गाडी घेतल्या घेतल्या ते बदलून घ्या. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही, काळपट आणि जळकट वास येत असेल तर ट्रेलरचं नावच काढू नका.

सेफ्टी चेन दोन, दांडीखालून क्रॉस करून लावायच्या, म्हणजे कपलिंग (दांडीचं बॉलवर बसणारं टोक) सुटलं तरी दांडी रस्त्यात रुतत नाही, चेनवर टेकते. ट्रेलरच्या टायरची नक्षी छान दिसते कारण तो फिरतच नाही, पण रबर म्हातारं होतं. साइडला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. ब्रेक लाइट, इंडिकेटर निघायच्या आधी मागे कोणाला तरी उभं करून बघा.

ट्रेलरचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही लावावा लागतो.

आमच्याकडे येताना ट्रेलर रिकामा आणू नका, नेहमीचा माल भरून आणा, सोबत दोघांची आरसी आणि गाडीचं मॅन्युअल. आधी बॉलवरचा भार मोजू, मग गाडी सोडवून लिफ्टवर घेऊ. चासी गेलेली असेल तर हिच लावणार नाही, फोटो काढून दाखवू आणि काय करता येईल ते सांगू.