पार्श्वभूमी : टोरोंटोचं कॅथलिक शाळा मंडळ

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात. यहुदी, मुस्लिम, हिंदू किंवा इतर ख्रिस्ती पंथांच्या शाळांना मात्र प्रांताचं अनुदान नाही. तिथे नव्याने गेलेल्या कुटुंबाला हे चक्रावून टाकतं. याचं कारण १८६३ च्या एका कायद्यात आहे.

१८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून सुमारे ३८ हजार माणसं टोरोंटोत उतरली. शहराची लोकसंख्या तेव्हा जेमतेम २० हजार. त्यांची सेवा करताना बिशप मायकेल पॉवर टायफसने गेले. त्यांच्यानंतर आलेल्या बिशप शार्बोनेल यांनी कॅथलिक मुलांसाठी वेगळ्या शाळांची मागणी लावून धरली. शिक्षणप्रमुख एगर्टन रायर्सन यांना सर्वांसाठी एकच शाळा हवी होती. कॅथलिकांची सवलत ते नाइलाजाने चालवून घेत होते.

१८५५ च्या ताशे कायद्याने थोडी मोकळीक दिली आणि १८६३ च्या स्कॉट कायद्याने चौकट पक्की केली. कॅथलिक कुटुंबाने आपला शालेय कर कॅथलिक शाळेकडे वळवण्यासाठी एकदाच लेखी कळवायचं, दरवर्षी नाही. घर शाळेपासून तीन मैलांच्या आत हवं. बदल्यात अभ्यासक्रम, तपासणी आणि शिक्षकांची पात्रता सरकारच्या हातात. हा कायदा मंजूर झाला तो तेव्हाच्या संयुक्त विधिमंडळातल्या पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या क्वेबेकच्या, सदस्यांच्या मतांवर. ज्या भागाला तो लागू होणार होता तिथल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं होतं. चार वर्षांनी कॅनडाचं संघराज्य झालं, आणि राज्यघटनेच्या ९३ व्या कलमाने त्या वेळी कायद्याने मिळालेले हक्क जसेच्या तसे गोठवले. पुढचे सगळे वाद एकाच प्रश्नाभोवती फिरले : १८६७ च्या कागदावर नेमकं काय होतं?

हायस्कूल त्यात बसतं का, यावर ऑन्टारिओतल्या टायनी टाउनशिपचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि १९२८ साली कॅथलिक बाजू हरली. परिणामी नववी-दहावीपर्यंत प्राथमिक दराचं तुटपुंजं अनुदान आणि अकरावीपासून फी. खरी ओढाताण मात्र कंपन्यांच्या कराची होती. घराचा कर कॅथलिक मंडळाकडे वळवता येई. पण हजारो भागधारकांच्या कंपनीने त्यांचा धर्म सिद्ध करायचा कसा? म्हणून तो पैसा जवळजवळ सगळा सार्वजनिक शाळांकडे जाई. १९३६ साली यावर काढलेला तोडगा वर्षभरातच मागे घ्यावा लागला. ही तूट भरून निघाली ती धर्मभगिनी आणि ब्रदर्स यांच्या नाममात्र पगारातून आणि खच्चून भरलेल्या वर्गांतून. अनुदानाचं सूत्र १९६० च्या दशकात सुधारलं तेव्हा कुठे श्वास घेता आला.

टोरोंटो परिसरातली छोटी कॅथलिक मंडळं १९५३ साली एकत्र आली. युद्धानंतर इटली आणि पोर्तुगालहून आलेल्या कुटुंबांनी शाळा भरल्या. पुढे फिलिपिनो आणि गोव्याकडची मुलंही आली. १२ जून १९८४ रोजी मुख्यमंत्री बिल डेव्हिस यांनी, १९७१ च्या निवडणुकीत ठामपणे नाकारलेलं कॅथलिक हायस्कूलचं पूर्ण अनुदान जाहीर केलं. १९८५ पासून वर्षाला एक इयत्ता असं ते लागू झालं आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

या अनुदानासोबत एक अट आली : हायस्कूलचा दरवाजा सर्वांना उघडा. म्हणून आजही प्राथमिक शाळेसाठी मुलाचा किंवा पालकाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, नववीपासून धर्माची अट नाही. हायस्कूलमध्ये धर्मशिक्षणातून सूट लेखी अर्जाने मिळते. शेजारच्या डफरिन-पील मंडळाविरुद्धच्या २०१४ च्या निकालाने ही सूट मिस्सा (चर्चचा उपासनाविधी) आणि रिट्रीट (आध्यात्मिक शिबिर) यांनाही लागू केली.

१९९८ च्या फेररचनेत मंडळाला ‘टोरोंटो कॅथलिक डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड’ हे आजचं नाव मिळालं, फ्रेंच कॅथलिक शाळा वेगळ्या झाल्या आणि कराचा दर ठरवण्याचा अधिकार प्रांताकडे गेला. पैसा आता मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर ठरतो. पट घसरला की अनुदान घटतं; इमारती आणि पगार मात्र लगेच कमी होत नाहीत. खर्चावरून वाद झाल्यावर २००८ साली प्रांताने मंडळावर पर्यवेक्षक नेमला आणि २०२५ साली पुन्हा. मंडळाचे सदस्य, म्हणजे विश्वस्त, मतदारांनी निवडलेले असले तरी अशा वेळी निर्णय पर्यवेक्षकाचा.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ साली या व्यवस्थेला भेदभाव ठरवलं. क्वेबेक आणि न्यूफाउंडलंडने त्याच सुमारास घटनादुरुस्ती करून अशी मंडळं मोडीत काढली. ऑन्टारिओत २००७ साली सर्वच धर्मांच्या शाळांना पैसा देऊ म्हणणारा पक्ष निवडणूक हरला आणि तेव्हापासून मोठे पक्ष या विषयाला हात लावत नाहीत. भारतात ३० व्या कलमाखाली मुंबई-वसईच्या कॅथलिक शाळा चर्चच्या संस्था चालवतात, करदात्यांनी निवडलेलं मंडळ त्यामागे नसतं. टोरोंटोत ते असतं. म्हणूनच तिथल्या कॅथलिक घरमालकाने किंवा भाडेकरूने आपली नोंद कॅथलिक शाळांकडे करून घ्यावी. आपोआप होणारी नोंद सार्वजनिक मंडळाची असते. या नोंदीने आता मंडळाचं अनुदान वाढत नाही, पण विश्वस्तांच्या निवडणुकीत कोणत्या मंडळाची मतपत्रिका हाती पडेल, ते तिच्यावरच ठरतं.