फेअर हाउसिंग आणि वस्तीविकास, अमेरिकेतील

घर विकताना, भाड्याने देताना किंवा त्यासाठी कर्ज देताना वंश, धर्म, लिंग, अपंगत्व अशा कारणांवरून कुणाला नाकारले जाऊ नये, यासाठी अमेरिकेत झालेले कायदे, न्यायनिर्णय आणि संस्थांचे काम यांना मिळून फेअर हाउसिंग म्हणतात. दुर्लक्षित वस्त्यांत पैसा आणि सोयी आणण्याचे काम, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट, त्याला लागूनच येते. एकात हवे तिथे राहायला जाण्याचा हक्क मागितला जातो, दुसऱ्यात आहोत तिथेच नीट राहता यावे अशी मागणी असते. या दोन्ही मागण्यांचे एकमेकींशी नेहमी जमतेच असे नाही.

मूळ दुखण्याला सरकारचाच मोठा हातभार होता. १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे करवून घेतले आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, ‘धोक्याच्या’ म्हणून दाखवल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननेही अशा वस्त्यांतील कर्जांना हमी देणे टाळले. या प्रकाराला पुढे ‘रेडलाइनिंग’ हे नाव पडले.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल वस्तीत राहायला गेले. त्या ऑगस्टमध्ये खुल्या घरबाजाराच्या मागणीसाठी काढलेल्या मोर्च्यात त्यांच्या डोक्याला दगड लागला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडलेला कायदा सुटला तो त्यांच्या हत्येनंतर. ४ एप्रिल १९६८ला त्यांचा खून झाला आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली. मते जमवण्याच्या तडजोडीत अंमलबजावणीचे दात काढून घेतले गेले होते. गृहनिर्माण व शहरविकास खाते तक्रारदार आणि घरमालक यांच्यात समेट घडवू पाहू शके, त्यापुढे फारसे काही नाही. मात्र त्याच कायद्यात एक कलम राहिले: खात्याने आपल्या योजना समन्यायी घरवाटपाला सक्रिय चालना मिळेल अशा रीतीने राबवाव्यात. म्हणजे नेमके काय करावे, ते कायद्याने सांगितले नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे प्रत्येक सत्ताबदलात धोरण हेलकावे खात राहिले, ते मुख्यतः याच मोकळ्या जागेमुळे.

पहिला हेलकावा लगेच आला. निक्सन यांचे गृहनिर्माण सचिव जॉर्ज रॉम्नी यांनी गरिबांच्या घरांना वाट न देणाऱ्या उपनगरांचे अनुदान रोखून पाहिले. मिशिगनमधील वॉरन शहरात विरोध भडकला, निक्सन यांनी हात आखडता घेतला आणि ती योजना बारगळली. १९७३च्या जानेवारीत अनुदानित घरांच्या नव्या मंजुऱ्याच थांबवण्यात आल्या. १९७४ मध्ये फोर्ड यांच्या काळात ठोक वस्तीविकास अनुदान सुरू झाले. खर्च कुठे करायचा याचा बराचसा निर्णय त्यामुळे शहरांकडे गेला.

याच सुमारास खालून आलेले काम अधिक टिकाऊ ठरले. शिकागोच्या ऑस्टिन भागातील गृहिणी गेल सिन्कोटा यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन बँकांच्या मागे तगादा लावला. अशा रेट्यातून १९७५चा गहाणकर्ज माहिती कायदा आणि १९७७चा कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायदा झाला. पहिल्याने बँकांना कुठल्या भागात किती कर्ज दिले ते उघड करणे भाग पडले. दुसऱ्याने, ठेवी घेता त्या भागातील कर्जाची गरजही भागवा, असे बजावले. बँकांच्या विलीनीकरणाचा अर्ज आला की संस्था हेच आकडे पुढे करून हरकत घेत आणि कर्जवाटपाची लेखी आश्वासने मिळवत. या चळवळीला इतके कामाचे हत्यार दुसरे क्वचितच मिळाले.

पक्षाच्या नावावरून अंदाज बांधणारे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात फसतात. घरांवरील खर्चाला कात्री त्यांनीच लावली. पण परवडणाऱ्या घरांसाठीची करसवलत १९८६ मध्ये आणि १९६८च्या कायद्याला दात देणारी, अपंग व मुले असलेल्या कुटुंबांना संरक्षण देणारी १९८८ची दुरुस्तीही त्यांच्याच सहीने झाली. त्याआधी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘टेस्टर’ना दावा लावण्याचा हक्क मान्य केला होता. एकाच घराची चौकशी करायला सारख्या ऐपतीचे, वेगळ्या वंशाचे दोघे वेगवेगळे पाठवायचे आणि कुणाला काय उत्तर मिळते ते नोंदवायचे, ही ती पद्धत. हसतमुखाने सांगितलेले ‘जागा गेली’ हे खोटे ठरवायला याहून सरळ पुरावा नाही.

ओबामा प्रशासनाने २०१५ मध्ये त्या मोकळ्या कलमाला नियमाचे रूप दिले: अनुदान घेणाऱ्या शहरांनी आपल्याकडील वस्त्यांची वांशिक विभागणी तपासून उपाय लिहून द्यावेत. ट्रम्प प्रशासनाने २०१८ मध्ये तो थोपवला, २०२० मध्ये रद्द केला. बायडन प्रशासनाने २०२१ मध्ये त्याचा काही भाग परत आणला. २०२३चा विस्तृत मसुदा अंतिम न होताच जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला आणि त्यानंतर ट्रम्प यांच्या नव्या प्रशासनाने उरलेलेही मोडीत काढले. भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांची अनुदाने त्याच वर्षी रद्द झाली, तेव्हा त्यांतील काही न्यायालयात गेल्या.

वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारच्या भरवशावर न राहता कॅलिफोर्नियाने समन्यायी घरवाटपाला चालना देण्याचे हे कर्तव्य २०१८ मध्येच राज्याच्या कायद्यात घातले. ठोक अनुदानाचे नशीबही वेगळे निघाले. ट्रम्प यांच्या पहिल्या अंदाजपत्रकात ते बंद करण्याचा प्रस्ताव होता, पण काँग्रेसने २०१८ साठी उलट वाढवून दिले, कारण तो पैसा दोन्ही पक्षांच्या मतदारसंघांत पोचतो. १९६८चा कायदा मात्र जागेवर आहे: पीडित व्यक्ती खात्याकडे एका वर्षात तक्रार करू शकते किंवा दोन वर्षांत थेट न्यायालयात जाऊ शकते.